जीवाणू सगळंच खातात का? कार्बन-फ्लोरिनची गाठ आणि ती सोडवणारे एन्झाइम

(या भागाची लिखित आवृत्ती. ऐकताना काही नावं निसटतात, म्हणून इथे ती नीट लिहून दिली आहेत. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

कानात इअरफोन, हातात मोबाईल, आणि बहुतेकांच्या खाली लोकलची किंवा एसटीची सीट. बसायला जागा मिळाली असेल तर अभिनंदन.

आजचा भाग माफीने सुरू करायचा आहे. मागे एका भागात मी फार उत्साहात म्हणाले होते की, “फॉरएव्हर केमिकल्स खाणारे जीवाणू सापडलेत, आता टेन्शन नाही!” तुम्हीही तो भाग भरपूर शेअर केलात. मग खेड-चिपळूणकडच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. आवाजावरून कॉलेजातला मुलगा असावा. तो एवढंच म्हणाला, “ताई, मग आमच्याकडच्या खाडीत कुणी काही सोडलं तरी चालेल ना? जीवाणू खातीलच की.”

तो चिडवत नव्हता, खरंच विचारत होता. आणि त्याला असं वाटायला कारण मीच होते. म्हणून आजचा भाग त्याच्या प्रश्नावर. जीवाणू कार्बन-फ्लोरिनचा बंध तोडतात का? तोडतात. कसा तोडतात, कुठे अडतात, आणि त्याचा आपल्या कोकणाशी काय संबंध, ते बघूया.

मामाच्या कारखान्यातून सुरुवात

माझं आजोळ हमरापूर. पनवेल-रोहा लाईनवर जिते गेलं की हमरापूर येतं आणि त्यानंतर पेण. गणपतीच्या आधी हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात गेलात तर घर कुठे संपलं आणि कारखाना कुठे सुरू झाला ते कळत नाही. आमच्याकडे ‘कारखाना’ म्हणजे गणपतीचा कारखाना, दुसरा नाही. पडवीत कच्च्या मूर्ती, अंगणात ताडपत्री, आणि सगळ्यांच्या केसांत पांढरी भुकटी.

परवा मामाकडे गेले होते. तो रबरी साचा सोडवत होता. पीओपी आत घट्ट झालं की साचा हळूहळू उलटा करत मूर्तीवरून काढायचा. घाई केली तर सोंड गेली किंवा हाताचं बोट गेलं. मी बाजूला बसून त्याला आजचा विषय सांगत होते. तो ऐकून घेतो, ही त्याची चांगली सवय.

मग म्हणाला, “अगं, शाडू पाण्यात सोडली की रात्रीत चिखल होतो. पीओपी तसंच्या तसं राहतं. त्यावर पुण्याच्या लोकांनी औषध काढलं ना? मग तुझ्या त्या केमिकलवर का नाही काढत?”

मामाचं बरोबर होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, पीओपीच्या मूर्तीसाठी अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय दाखवला होता. पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते पाण्यात फारच थोडं विरघळतं. पण पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट टाकलं की कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट तयार होतं. पहिला साधा पांढरा गाळ, दुसरं खत. पुणे महापालिकेने घरगुती विसर्जनासाठी ही पावडर वाटलीही आहे.

पण पीओपीची अडचण आणि आजच्या विषयाची अडचण एक नाही. पीओपीत भागीदार बदलले की काम झालं. कॅल्शियमने सल्फेट सोडलं, कार्बोनेट धरलं. कार्बन आणि फ्लोरिन एकमेकांना असं सहज सोडत नाहीत.

अळवावरचं पाणी

आधी हे फ्लोरिन आपल्या घरात येतं कुठून ते बघू.

अळूचं पान डोळ्यासमोर आणा. पावसाचा थेंब पडतो, मोत्यासारखा गोल होतो आणि घरंगळून जातो. पान कोरडंच. अळू हे काम पानावरच्या मेणाने आणि त्या मेणाच्या बारीक खडबडीत रचनेने करतं. फ्लोरिन लागत नाही.

माणसालाही असा पृष्ठभाग हवा होता. ६ एप्रिल १९३८ ला अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला गॅसच्या एका सिलिंडरमध्ये गॅसऐवजी पांढरी, गुळगुळीत भुकटी सापडली. तिला आपण आज टेफ्लॉन म्हणतो. त्यानंतर याच कुटुंबातले हजारो पदार्थ आले. पाणी न शोषणारं जॅकेट, डाग न पडणारा गालिचा, तेल न झिरपणारा कागद, विमानतळावर आग विझवणारा फेस. या सगळ्या कुटुंबाला म्हणतात पीफास. यात कार्बनच्या साखळीवर हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवलेले असतात. पाणीही चिकटत नाही, तेलही चिकटत नाही.

‘अळवावरचं पाणी’ म्हणजे आपल्याकडे न टिकणारी गोष्ट. इथे उलटं आहे. पाणी घरंगळून जातं आणि पान कायमचं उरतं.

का उरतं? आकडे बघू. एखादा रासायनिक बंध तोडायला किती ऊर्जा लागते ते किलोज्यूल प्रति मोलमध्ये मोजतात. कार्बन-क्लोरीनला साधारण ३४०. कार्बन-कार्बनला ३५०. कार्बन-हायड्रोजनला ४१५ च्या आसपास. आणि कार्बन-फ्लोरिनला साधारण ४८५. कार्बनने दुसऱ्या अणूशी धरलेल्या साध्या, एकेरी बंधांमध्ये हा सगळ्यात मजबूत बंधांपैकी एक. त्यातही एकाच कार्बनवर दोन-तीन फ्लोरिन बसले की प्रत्येक बंध आणखी घट्ट होतो.

हा बंध तोडणारे पहिले जीवाणू

आता गंमत ऐका. हा बंध तोडणारे जीवाणू सापडले ते काल-परवा नाही. १९६५ साली पीटर गोल्डमन या शास्त्रज्ञाने एका मातीतल्या जीवाणूतून असं एन्झाइम वेगळं काढलं, जे फ्लोरोॲसिटेट नावाच्या रेणूतला कार्बन-फ्लोरिन बंध तोडतं. एन्झाइम म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातलं ‘विकर’. पेशीतलं काम जलद करून देणारं प्रथिन.

आता प्रश्न असा की मातीतल्या जीवाणूला हे काम करायची गरज का पडली?

कारण फ्लोरोॲसिटेट माणसाने शोधलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेत गिफब्लार नावाचं एक झुडूप आहे. नावाचा अर्थच ‘विषारी पान’. गुरांनी ते खाल्लं की गुरं मरतात. १९४० च्या दशकात कळलं की त्यातलं विष म्हणजे फ्लोरोॲसिटेट. ऑस्ट्रेलियातल्या काही झुडपांतही ते असतं. पुढे हेच विष ‘१०८०’ या नावाने उंदीर, ससे, कोल्हे मारायला वापरलं गेलं.

बारावी सायन्सवाल्यांनी क्रेब्स चक्र आठवा. पेशी फ्लोरोॲसिटेटला साधं ॲसिटेट समजून आत घेते आणि त्यापासून फ्लोरोसिट्रेट बनवते. ते चक्रातल्या ॲकोनिटेज नावाच्या एन्झाइममध्ये अडकून बसतं. चक्र बंद आणि ऊर्जा बंद. पेशी स्वतःच्या हाताने स्वतःचं विष रांधते.

म्हणजे निसर्गात हे विष लाखो वर्षं आहे. पानं गळतात, मातीत जातात, आणि मातीतल्या जीवाणूंना त्याच्याशी जुळवून घ्यावंच लागतं. तिथून हे एन्झाइम आलं. त्याचं नाव फ्लोरोॲसिटेट डीहॅलोजिनेज. ऑस्ट्रेलियात तर १९९० च्या दशकात याचं जीन मेंढ्यांच्या पोटातल्या एका जीवाणूत घातलं, आणि प्रयोगातल्या मेंढ्यांना त्या विषापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळालं.

आणि बंध तोडणारे आहेत तसे बांधणारेही आहेत. स्ट्रेप्टोमायसिस कॅटलेया नावाचा एक जीवाणू फ्लोराईड घेऊन कार्बनला जोडतो. ते काम करणारं एन्झाइम २००२ साली जाहीर झालं.

एन्झाइम नक्की करतं काय?

हा भाग जरा हळू ऐका. चालत असाल तर रस्ता क्रॉस करून घ्या आधी.

मला आधी वाटायचं की एन्झाइम म्हणजे कात्री. बंध दिसला, कापला. तसं नाही. ४८५ किलोज्यूलची गाठ जोर लावून तोडायची ताकद कुठल्याच प्रथिनात नाही. एन्झाइम मामासारखं काम करतं. साचा ओढत नाही, सोडवतं.

रोडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिस नावाच्या जीवाणूतल्या एन्झाइमचे टोरोंटो विद्यापीठातल्या गटाने क्रिस्टल बनवले आणि एक्स-रेने टप्प्याटप्प्याचे फोटो काढले. २०११ साली ते छापून आले. त्यातून दिसलं ते असं.

पहिली पायरी: फ्लोरोॲसिटेटचा छोटा रेणू एन्झाइमच्या खाचेत येऊन बसतो. खाच त्याच्या मापाची आहे.

दुसरी पायरी: खाचेच्या एका बाजूला ॲस्पार्टिक आम्ल नावाचा तुकडा आहे. तो ऋण भाराचा. तो कार्बनवर मागून येतो, म्हणजे फ्लोरिन ज्या बाजूला आहे त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूने.

तिसरी पायरी: त्याच वेळी समोर तीन जण हात पसरून उभे असतात. हिस्टिडिन, ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन. हे तिघं निघणाऱ्या फ्लोरिनला हायड्रोजन बंधांनी झेलतात. सगळी खुबी इथे आहे. फ्लोरिन एकटा बाहेर पडायला तयार नसतो. झेलायला कुणी असेल तर निघतो. मागून एकजण ढकलतो, पुढून तिघं धरतात, आणि फ्लोरिन फ्लोराईड होऊन सुटतो.

चौथी पायरी: आता कार्बन त्या ॲस्पार्टिक तुकड्यालाच चिकटलेला आहे. मग दुसरं एक हिस्टिडिन पाण्याच्या रेणूला तयार करतं, पाणी येतं आणि तो जोड सोडवतं. उरतं ग्लायकोलेट, जे जीवाणू खाऊ शकतो. एन्झाइम परत रिकामं, पुढच्या रेणूसाठी तयार.

मी हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, “म्हणजे दोन माणसांचा साचा. एकाने मागून दाबायचं, दुसऱ्याने पुढून धरायचं.” मोठ्या मूर्तीचा साचा ते असाच काढतात. मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

मग पीफासवर हे चालत का नाही?

मागच्या भागात मी इथेच घाई केली. ‘कार्बन-फ्लोरिन बंध तोडणारं एन्झाइम’ म्हणजे ‘पीफास खाणारं एन्झाइम’ असं मी धरून चालले. दोन्हींत मोठा फरक आहे. कारणं तीन.

एक, मागची बाजूच मोकळी नाही. फ्लोरोॲसिटेटच्या कार्बनवर एकच फ्लोरिन आहे, बाकी दोन छोटे हायड्रोजन. म्हणून मागून यायला वाट आहे. पीफासमधला सगळ्यात बदनाम रेणू म्हणजे पीएफओए. त्यात ८ कार्बनची साखळी आणि १५ फ्लोरिन. पहिल्या टोकाचा कार्बन सोडला तर सगळी साखळी फ्लोरिनने वेढलेली. साच्याला मागून हात घालायला जागाच नाही. फ्लोरोॲसिटेटचं एन्झाइम एकाच कार्बनवर दोन फ्लोरिन असलेल्या छोट्या रेणूपर्यंत कसंबसं पोचतं. तीन फ्लोरिन आले की हात टेकतं.

दोन, सवय नाही. फ्लोरोॲसिटेट निसर्गात फार जुनं आहे. पीफास आले ते विसाव्या शतकात. इतक्या थोड्या काळात नवं एन्झाइम घडायला मोठं आमिष लागतं, आणि पीफासमध्ये ते नाही. हायड्रोजन असलेला कार्बन जाळून जीवाणूला ऊर्जा मिळते. फ्लोरिनने भरलेली साखळी म्हणजे फोडायला कठीण आणि आत खोबरं नाही असा नारळ.

तीन, आणि हे मला सगळ्यात आवडलेलं कारण. बंध तुटला की फ्लोराईड सुटतं, आणि फ्लोराईड त्या जीवाणूलाच मारतं! पेशीच्या आत ते साचलं की महत्त्वाची एन्झाइम्स बंद पडतात. म्हणून अनेक जीवाणूंकडे फ्लोराईड बाहेर फेकणारे पंप असतात. २०१२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने दाखवलं की जीवाणूंकडे फ्लोराईड ओळखणारा आरएनएचा स्विचसुद्धा असतो. फ्लोराईड वाढलं की स्विच चालू, पंप चालू. फ्लोरोॲसिटेटमधून एकच फ्लोराईड निघतो. पीएफओए पूर्ण फोडला तर पंधरा. पंप कमी पडला तर जेवतानाच मरण.

इथे एक गैरसमज काढून टाकते, कारण कमेंटमध्ये हमखास येतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असतं. त्याने दात पिवळे-तपकिरी होतात, हाडं दुखतात. तो फ्लोराईड खडकातून येतो आणि त्याची मर्यादा मिलिग्रॅममध्ये मोजतात. पीफास वेगळी गोष्ट. त्यात फ्लोरिन कार्बनला बांधलेला असतो, आणि त्याची मर्यादा त्याच्या लाखपट खालच्या पातळीवर, नॅनोग्रॅममध्ये मोजतात. फ्लोराईडच्या फिल्टरने पीफासचा प्रश्न सुटेल असं समजू नका.

तरी काही दारं उघडली आहेत

मग मी मागच्या वेळी सांगितलेलं सगळं खोटं होतं का? नाही. अर्धं होतं.

२०१९ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या पीटर जाफे आणि शान हुआंग यांनी ॲसिडिमायक्रोबियम ए-६ या जीवाणूबद्दल लिहिलं. न्यू जर्सीच्या पाणथळ मातीत सापडलेला हा जीवाणू. आपण ऑक्सिजन वापरतो तसा हा लोखंड वापरतो, आणि अमोनियम खातो. प्रयोगशाळेत त्याने १०० दिवसांत पीएफओए आणि पीएफओएस यांचं प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत कमी केलं, आणि पाण्यात फ्लोराईड सुटलेलं दिसलं. याची पद्धत वेगळी आहे. मागून ढकलायचं नाही, तर साखळीला इलेक्ट्रॉन द्यायचे. इलेक्ट्रॉन मिळाले की फ्लोरिन सुटायची वाट तयार होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडमधल्या युजी मेन यांच्या गटाने आणखी एक रस्ता दाखवला. ज्या पीफासमध्ये कुठेतरी क्लोरीन बसलेला आहे, तिथे बिनऑक्सिजनचे जीवाणू आधी तो क्लोरीन काढतात. ३४० वाला बंध आठवतोय ना? तो कच्चा दुवा. क्लोरीन निघाला की रेणू डळमळीत होतो आणि मागोमाग फ्लोरिनही सुटतात. ॲसिटोबॅक्टेरियम या जीवाणूतली, दुहेरी बंध असलेल्या काही पीफासवर काम करणारी एन्झाइम्सही त्यांनी ओळखली. तिथेही फ्लोराईड बाहेर फेकणारा पंप लागतोच.

याचा एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. जुने पीफास जीवाणूंना फोडता येत नसतील, तर नवा पदार्थ बनवतानाच त्यात असा कच्चा दुवा ठेवता येईल. म्हणजे काम झाल्यावर जीवाणू त्याला पकडू शकतील. शाडूचीच मूर्ती करण्यासारखं.

पण प्रयोगशाळेतली बाटली आणि वाहती नदी यांत फरक आहे. बाटलीत तापमान ठरलेलं, ऑक्सिजन बाहेर ठेवलेला, लोखंड आणि अमोनियम मोजून घातलेलं, आणि दुसरा कुणी जीवाणू भांडायला नाही. तरी १०० दिवस, आणि तरी अर्ध्यापेक्षा थोडं जास्त. आपल्या नदीत जुलैचा पूर एका रात्रीत सगळं खाडीत नेतो.

इटलीहून कोकणात

आता त्या व्हॉइस नोटकडे.

उत्तर इटलीत विचेंझा शहराजवळ त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. तिथे मिटेनी नावाची कंपनी पीफास बनवायची. २०१३ साली कळलं की त्या भागातलं भूजल आणि पिण्याचं पाणी पीफासने दूषित आहे. विचेंझा, पाडोवा आणि वेरोना या जिल्ह्यांतल्या ३ लाखांहून जास्त लोकांच्या पाण्याचा प्रश्न होता. लोकांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, तरुण मुलामुलींच्याही. आकडे बघून आया रस्त्यावर उतरल्या. ‘मम्मे नो पीफास’, म्हणजे ‘पीफास नको म्हणणाऱ्या आया’, असा त्यांचा गट झाला. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली.

आणि त्या कारखान्याची यंत्रं? ती २०१९ साली लिलावात विकली गेली. लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय कंपनीच्या उपकंपनीने यंत्रसामग्री आणि पेटंट विकत घेतली, आणि ती आली लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत, रत्नागिरी जिल्ह्यात. हमरापूरच्या पुढे मुंबई-गोवा हायवेने खेड सोडून चिपळूणकडे निघालात की वाटेत लागतं ते लोटे.

इथे मी शब्द जपून वापरणार आहे. यंत्र दोषी नसतं. फ्लोरिनची रसायनं औषधांत लागतात, शेतीत लागतात, बॅटरीत लागतात. आणि जे त्रिस्सिनोत झालं तेच लोट्यात होतंय असं मी म्हणत नाहीये. तसं म्हणायला पाण्याचं मोजमाप लागतं. पण प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे, आणि प्रश्न तोच आहे: मोजमाप होतंय का?

मोजायचं किती बारीक? अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएससाठी मर्यादा ठरवली, लिटरमागे ४ नॅनोग्रॅम. ऑलिंपिकच्या मापाचे २० तलाव भरा आणि त्यात ४ थेंब टाका, इतकं. साध्या टेस्ट किटने हे दिसत नाही, मोठं यंत्र लागतं. आपल्या पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, २०१२ सालचं. त्यात पीफासची मर्यादा नाही. आणि यादीत नाव नसेल तर नेहमीच्या तपासणीत ते कुणी शोधत नाही. तुमच्या गावाचा रिपोर्ट ‘पाणी पिण्यायोग्य’ असा आला, तरी त्यात पीफास तपासलेलंच नसेल.

हे एवढं महत्त्वाचं का? पीएफओए माणसाच्या रक्तात गेलं की निम्मं बाहेर पडायला दोन ते चार वर्षं लागतात. २०२३ च्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

तर मग, मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर

नाही. खाणार नाहीत. आज तरी नाही, आणि वाहत्या खाडीत तर नाहीच.

जीवाणूंचं एन्झाइम खरं आहे, त्याचं काम बघून मी आजही थक्क होते. पण ते नंतर आवरायला येणारं माणूस आहे, आणि तेही अजून शिकाऊ. ते येईल या भरवशावर घर घाण करून चालणार नाही.

तोवर काय करायचं? थोडक्यात सांगते.

पाणी उकळून पीफास जात नाही. पाणी आटतं, ते तसंच राहतं. आरओ आणि चांगला ॲक्टिव्हेटेड कार्बन फिल्टर ते कमी करतात, पण नष्ट करत नाहीत. ते आरओच्या टाकाऊ पाण्यात किंवा जुन्या फिल्टरमध्ये बसतं. म्हणजे माझ्या घरातून गेलं, जगातून नाही.

‘वॉटरप्रूफ’, ‘डाग पडत नाही’ असं लिहिलेली वस्तू घेताना विचारा की ती पीफासशिवाय आहे का. तसं लिहिलेली जॅकेटं आता मिळतात. आपल्या आज्यांनी इरलं घेऊन भातलावणी केली, तीही फ्लोरिनशिवायच.

आणि औद्योगिक वसाहतीजवळ राहत असाल, लोटे असो, रोह्याजवळचं धाटाव असो, रसायनी असो, तर ग्रामसभेत एक प्रश्न विचारा: “पाण्यात आणि सांडपाण्यात पीफास तपासता का? तपासत असाल तर आकडे दाखवा.” उत्तर मिळालं नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. अर्जात ‘पीफास’ एवढंच लिहू नका, पीएफओए आणि पीएफओएस अशी नावं घालून लिहा. नुसतं ‘प्रदूषण आहे का’ विचारलं की उत्तर ‘नाही’ असं येतं. नाव घेऊन विचारलं की शोधावं लागतं.

शेवटची एक गोष्ट, खास कॉलेजवाल्यांसाठी. तो ए-६ जीवाणू आंबट आणि लोखंडाने भरलेल्या मातीत रमतो. आता रत्नागिरीचा जांभा आठवा. तो लाल कशाने असतो? लोखंडाने. आपल्या मातीत असा जीवाणू आहेच असं मी म्हणत नाही. मागच्या वेळची चूक परत करणार नाही! पण मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर शोधायला सुरुवात करण्यासारखी जागा तुमच्या पायाखालीच आहे.

मी निघाले तेव्हा मामाने साचा पूर्ण सोडवला होता. सोंड शाबूत, बोटंही शाबूत. यंदा त्याने अर्ध्या मूर्ती शाडूच्या केल्यात. म्हणाला, “जड होतात, तडकतात, गिऱ्हाईक पैसे कमी करायला बघतो. पण पाण्यात सोडल्यावर काय होणार ते मला आधीच माहीत असतं. रात्री झोप लागते.”

तुमच्या आसपासच्या पाण्याबद्दल काही माहीत असेल, कुणी असा प्रश्न विचारून बघितला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. आणि माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा. गेल्या वेळी एकाने विचारलं म्हणून हा भाग झाला.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि उतरताना छत्री विसरू नका.